मिस्टर लाइकरच्या गाडीला स्प्रिंग

"मिस्टर लाइकर, तुम्ही तुमच्या गाडीशी गप्पा मारता हे खरं आहे का?"

कोराने प्रश्न विचारून टाकला आणि तिचे कान तापले. शर्यतीच्या पट्टीकडेला, पंधरा पावलांवर, लाह्या विकणाऱ्या गाड्याआड, जॅझ्लिन आणि शेल्बी एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून फिदीफिदी हसत होत्या. पैज त्यांचीच. गेल्या वर्षीची कोरा असती तर असल्या पैजेच्या नावानेच घरी पळाली असती. पण दातांवरची तार निघाल्यापासून आणि जॅझ्लिनच्या टोळीत जागा मिळाल्यापासून वर्थांची ही सोळा वर्षांची मुलगी कुणालाही काहीही विचारू शकत होती. निदान तिला तसं वाटत होतं.

मिस्टर लाइकर गाडीच्या नाकाशी गुडघे टेकून बसले होते. सत्तरी ओलांडलेला, वाळक्या अंगाचा माणूस. मान वर न करता त्यांनी पाना एकदा फिरवला.

"खरं आहे."

"मग... ती काय म्हणते?"

"आज काही नाही. रुसलीय. सकाळी तिला सांगितलं की आता सलायना शहरातल्या एका हॉटेलात तुला छताला टांगणार आहेत."

कोराला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

"छताला? कशाला?"

"बर्गर खाताना लोकांना वर बघायला काहीतरी लागतं म्हणे."

सरळ पट्टीवर दोघादोघांत लावायच्या शर्यतीची ती गाडी कोराने लहानपणापासून पाहिली होती. नळ्यांचा लांबलचक सांगाडा, पुढे सायकलीसारखी दोन बारकी चाकं, मग इंजिन, आणि इंजिनाच्या मागे, थेट मागच्या जाड टायरांच्या मधोमध, बसणारा माणूस. हल्लीच्या असल्या गाड्यांत इंजिन पाठीमागे असतं, लाइकरांचं तोंडापुढे. पुढच्या चाकांना स्प्रिंग औषधालाही नाही. ॲक्सल, म्हणजे दोन चाकांमधला दांडा, सरळ सांगाड्याला जखडलेला.

"त्या ड्वेनने मला आज बाजूला घेतलं," लाइकर म्हणाले. ड्वेन म्हणजे शर्यतीचा तपासनीस. "म्हणाला, डेलबर्ट, तुझ्या पुढच्या चाकांखालून मला पलीकडचा गहू दिसला. पुन्हा दिसला तर तुला ह्या पट्टीवर सोडणार नाही."

त्यात ड्वेनचंही चुकत नव्हतं. पट्टीचा सुरुवातीचा तुकडा काँक्रीटचा, पुढे डांबर. दोन्ही जिथे मिळतात तिथे कॅन्ससची थंडी दरवर्षी डांबर उचलते आणि एक कंगोरा ठेवून जाते. बाकीच्यांच्या गाड्या त्यावरून वाकून, लवून निघून जात. लाइकरांची ताठ गाडी टणाटण उडत जाई, आणि उडालेल्या चाकांनी गाडी वळवता येत नाही.

"मग स्प्रिंग बसवा ना!" कोरा बोलून गेली.

आता मात्र त्यांनी मान वर केली. "पन्नास वर्षांत हे मला कुणीच कसं सुचवलं नाही?"

गाड्यामागचं हसणं एकदम वाढलं. कोरा तशीच मागे फिरली. जॅझ्लिनने तिच्या हातावर टाळी दिली, "विचारलंस! तू खरंच विचारलंस!" आणि पैज जिंकल्याची लाही न लाही कोराने खाल्ली, पण तिला चव लागली नाही.

त्या दुपारी तिने लाइकरांची फेरी नीट पाहिली. दर फेरीआधी मागचे टायर भिजवून जागच्या जागी गरगरवतात, धूर होतो, टायर तापून चिकट होतात. त्यात गाडी रेषेच्या पुढे सरकते. मग ती आपल्याच काळ्या चाकोरीतून बरोबर मागे आणावी लागते, आणि चालवणाऱ्याला मागचं काही दिसत नाही. म्हणून प्रत्येकाचं कुणीतरी गाडीपुढे उभं असतं. बायको, भाऊ, मुलगा, कुणीही. दोन्ही तळवे वर धरून ते माणूस डावीकडे, उजवीकडे, बस, असं खुणावत गाडीला मागे नेतं. कुणीच नाही असा ह्या पट्टीवर एकच. चाळीस वर्षं लाइकरांपुढे त्यांची बायको आर्लीन उभी राहायची. चार वर्षांपूर्वी ती गेली. तेव्हापासून म्हातारबाबा एकटेच मागे येत. वाकडे येत, पुन्हा पुढे जात, पुन्हा वाकडे येत. शेजारच्या गाडीचं इंजिन तापत राही आणि प्रेक्षकांतून हॉर्न वाजत.

मागच्या मोसमात मॉमच्या गाडीतून कोरानेही दोनदा हॉर्न वाजवला होता.

मंगळवारी शाळा सुटल्यावर ती लाइकरांच्या शेडवर जाऊन उभी राहिली. आत रेडिओ गव्हाचे भाव सांगत होता. लाइकर त्याच गाडीपुढे स्टुलावर बसले होते, मांडीवर करवत.

"पुन्हा पैज?" त्यांनी विचारलं.

"नाही. मी आपली आले. काही धरायचं वगैरे असेल तर."

त्यांनी करवत उचलली. मग करवतीने ॲक्सल जखडणाऱ्या पट्ट्यांकडे खूण केली. "हे कापलं तरच स्प्रिंग बसते. चौऱ्याहत्तर साली मी वेल्डिंग करत होतो आणि ही नळी आर्लीनने धरली होती. ठिणगी उडून तिची भुवई जळली. महिनाभर पेन्सिलीने काढून चर्चला यायची."

"मी कापू?" कोराने विचारलं, आणि लगेच तिला आपली जीभ चावावीशी वाटली.

"नाही," ते म्हणाले. "तू रेडिओ मोठा कर."

तिने रेडिओ मोठा केला. करवतीचा आवाज गव्हाच्या भावांत मिसळून गेला, आणि लाइकरांचा चेहरा बघायला लागू नये म्हणून ती खिळ्यांचे डबे उगाचच आकारांप्रमाणे लावत बसली.

त्या दिवसापासून जून असाच गेला. मातीवरच्या शर्यतीतल्या एका मोडीत निघालेल्या गाडीच्या दोन छोट्या स्प्रिंगा त्यांना मिळाल्या. लाइकरांनी त्या अडकवायला सांगाड्यावर नवे कान वेल्ड केले. कोराने मापाची पट्टी धरली, बोल्ट पुसले, नाकापासून मागच्या चाकांपर्यंत दोऱ्या ताणून ॲक्सल काटकोनात आहे का ते पाहिलं. नव्हता. पुन्हा सोडला, पुन्हा बसवला. गाडी उचलली की चाक फार खाली लोंबू नये म्हणून दोन्ही बाजूंना साखळीचा एकेक तुकडा अडकवायचा होता.

"किती सैल ठेवायची?" कोराने विचारलं.

"दोन इंच. स्प्रिंग बसवायचीच तर तिला जरा हातपाय पसरू दे."

लाइकर बोलायचे कमी, पण गाडीशी खरोखरच बोलायचे. "थांब गं", "झालं, झालं", "अशी काय करतेस". कोराशी बोलताना पोरी म्हणायचे, आणि कधीकधी कुणाशी बोलतायत ते कोराला कळायचं नाही. चुकून तिने एकदा ओ दिली, तर ते म्हणाले, "तुला नाही. पण तूही थांब."

घरी ह्याचं कुणाला फारसं काही नव्हतं. डॅड धान्याच्या कोठारावर. गव्हाची कापणी सुरू झाली की माणूस फक्त झोपायला घरी. मॉम हेज गावच्या हॉस्पिटलात दुपारपाळीला. "डेलबर्ट लाइकर?" डॅड एकदा बूट काढताना म्हणाले, "तो दोन वाक्यं सलग बोलला तर मला फोन कर, मी ऐकायला येतो." एवढंच.

फरक पडला तो टोळीत. शनिवारचा व्हॉलिबॉलचा सराव कोराने दोनदा बुडवला. तिसऱ्यांदा जॅझ्लिन म्हणाली, "कोराला राहू दे, तिला आजोबांचे पाने-स्क्रू मोजायचे असतील," आणि सगळ्या हसल्या. कोराही हसली, कारण न हसणं जास्त वाईट दिसलं असतं. मग मोबाइलवर त्यांच्या गटात बोलणं बंद पडलं. आठवड्याने आइस्क्रीमच्या दुकानाबाहेरचा एक फोटो दिसला. सगळ्या होत्या. गट बंद पडला नव्हताच. नवा झाला होता, तिच्याशिवाय. त्या दिवशी कोराने रिकाम्या घरात उभ्याउभ्या एक अख्खं पाकीट चिप्स खाल्लं आणि शेडवर गेली. लाइकरांनी तिच्याकडे एकदा पाहिलं. मग रेडिओ बंद केला.

जुलैच्या दुसऱ्या शनिवारी गाडी पट्टीवर आली. कोरा पुढे उभी राहिली. कुणी तिला राहा म्हटलं नव्हतं. धुराचा लोट विरला तेव्हा लाइकरांना ती दिसली, तळवे वर धरून, आर्लीनच्या जागी. हेल्मेटच्या आत काय झालं कोण जाणे. गाडी क्षणभर हललीच नाही. मग ती मागे सरकू लागली. थोडं डावीकडे. अजून. बस. एका दमात, चाकोरीत. एकही हॉर्न वाजला नाही.

पहिली फेरी सरावाची होती. नवी जोडणी, म्हणून लाइकरांनी अर्ध्यातच ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला. पण कंगोऱ्यावरून चाकं अशी गेली जशी लोण्यावरून सुरी. कोरा एकटीच ओरडली, दोन्ही हात वर करून. ड्वेन चालत आला. "डेलबर्ट, आज मला गहू दिसला नाही." एवढं बोलून तो निघून गेला, आणि त्याच्या तोंडून ते म्हणजे शाबासकीच.

लाइकर मात्र हातातल्या चिठ्ठीकडे बघत होते. दर फेरीनंतर वेळेची छापील चिठ्ठी मिळते. एकाखाली एक तीन पिवळे दिवे लागतात, मग हिरवा. हिरवा लागल्यापासून गाडी रेषेवरून हलेपर्यंत किती वेळ गेला ते त्या चिठ्ठीत पहिलं असतं.

"पाच," ते म्हणाले. "सेकंदाच्या शंभर भागांतले पाच."

"म्हणजे?"

"माझे दोन असतात. चाळीस वर्षं दोन. गंजलोय, दुसरं काय."

दुपारी खरी फेरी. ह्या शर्यतीत सगळ्यात वेगवान तोच जिंकतो असं नाही. आपली गाडी पट्टी किती सेकंदांत पार करेल तो आकडा आधीच गाडीवर पांढऱ्या पॉलिशने लिहायचा. संथ गाडी त्या हिशेबाने आधी सुटते. लिहिलेल्या आकड्यापेक्षा लवकर पोचलात तर बाद. लाइकरांनी नेहमीचा आकडा लिहिला: सहा पूर्णांक शून्य आठ. समोर पिकअप घेऊन आलेला एक गणिताचा मास्तर. कोराने खुणावून गाडी मागे घेतली, बाजूला झाली. दिवे उतरले. नाक उचललं गेलं, गाडी गेली, कंगोरा आला आणि काहीच झालं नाही, आणि कोराला आनंद एवढा झाला की शेवटी मास्तराच्या बाजूचा जिंकल्याचा दिवा लागलेला तिला कळलाच नाही.

चिठ्ठीवर लिहिलं होतं: सुटायला पुन्हा शंभरातले पाच. पट्टी सहा पूर्णांक शून्य पाचमध्ये. लवकर पोचले. बाद.

"अरे बापरे, लवकर?" कोरा म्हणाली. "पण तुम्ही तर उशिरा सुटलात!"

"पाठून वारा होता," लाइकर म्हणाले. "वाऱ्याचं माणूस काही करू शकत नाही. पण हे बघ." त्यांनी पहिल्या आकड्यावर अंगठा ठेवला. "दोनदा पाच. एकदा झालं तर चूक. दोनदा झालं तर वय." त्यांनी चिठ्ठी घडी घालून कोराच्या हातात दिली, जशी एखाद्याने वाचून झालेली नोटीस द्यावी. "चाकं टेकली, पोरी. तुझं काम चोख झालं. पण माझे हात गेले. सलायनावाल्याला मी उद्या तीन वाजता बोलावतो."

परतताना ते गाडीशी एक शब्दही बोलले नाहीत. कोरा ट्रकच्या खिडकीला डोकं टेकून कापलेल्या गव्हाची धसकटं बघत राहिली. मैलोगणती धसकटं, मध्ये एखादं झाड, आणि शेजारी एक माणूस, जो बसल्याजागी हळूहळू लांब जात होता.

रविवारी सकाळी चर्चमध्ये फादर काय बोलले ते कोराला विचारू नका. ती प्रार्थनेच्या पुस्तकात ती चिठ्ठी ठेवून बघत होती. वारा. काहीतरी खटकत होतं. ती लाइकरांपुढे, त्यांच्याकडे तोंड करून, उभी होती. तळवे वर होते म्हणून केस मागे सारता येत नव्हते. केस सारखे डोळ्यांवर येत होते. म्हणजे वारा तिच्या पाठीकडून येत होता. म्हणजे गाडीला तो समोरून होता! पाठून वारा नव्हताच. हेल्मेट घालून, इंजिनामागे बसलेल्या माणसाला ते कळणार कसं? ते फक्त पुढे उभ्या असलेल्याला कळतं.

मग गाडी लवकर पोचली कशी?

तिने चिठ्ठीच्या मागे पेन्सिलीने बेरीज केली. नेहमीचे शून्य दोन आणि सहा शून्य आठ: सहा दहा. कालचे शून्य पाच आणि सहा शून्य पाच: सहा दहा.

"सहा दहा!" ती म्हणाली. मोठ्याने. पुढच्या बाकावरच्या मिसेस फाइफर वळून बघायला लागल्या.

शेडचं दार उघडं होतं. लाइकर गाडी पुसत होते, जसं पाहुण्याकडे पाठवायच्या पोराचं तोंड पुसतात.

"तुमचे हात गेलेले नाहीत!" कोरा दारातूनच म्हणाली. "वारा समोरून होता, माझे केस तोंडावर येत होते. आणि हे बघा, बेरीज. नेहमीही सहा दहा, कालही सहा दहाच. सुटताना जे तीन गमावले ते पुढे परत मिळाले. हात म्हातारे झाले असते तर गाडी कशाला तरुण झाली असती?"

"बैस आधी. धाप लागलीय तुला."

"नाही बसणार! रेषेवर तो प्रकाशाचा किरण असतो ना, चाक त्यातून बाहेर पडलं की घड्याळ सुरू होतं. आधी नाक उचललं की ताठ ॲक्सलबरोबर चाकही उचललं जायचं, किरण लगेच मोकळा. आता नाक वर जातं, पण स्प्रिंग चाकाला खाली ढकलते. चाक जमिनीवरच. ते घरंगळून किरणातून बाहेर पडेपर्यंत वेळ जातो. गाडी आधीच सुटलेली असते, फक्त घड्याळाला उशिरा कळतं!"

लाइकर उठले. भिंतीशी गेले. पेन्सिलीने फळीवर तीच बेरीज केली. मग पुन्हा केली. मग तिसऱ्यांदा, आकडे मोठे काढून. त्यांची पाठ कोराकडे होती.

"दोन इंच," ते शेवटी म्हणाले. "हातपाय पसरू दे म्हणालो. मूर्खासारखा." मग फोन उचलला. "कोण, सलायना? लाइकर बोलतोय. तुम्ही येऊ नका... नाही, किमतीचा प्रश्न नाही. छताला दुसरं काहीतरी टांगा. हरणाचं डोकं टांगा, चांगलं दिसतं."

त्यांनी साखळीचे तीन तीन दुवे काढले. कोराने ॲक्सल खालून उचलून धरला. साखळी लहान झाली की नाकाबरोबर चाकही वर येणार, कंगोऱ्यापुरती स्प्रिंग मात्र राहणार. काम अर्ध्या तासाचं. मग दोघंही गाडीकडे बघत उभे राहिले.

"पुढच्या शनिवारी शर्यत आहे ना?" कोराने विचारलं.

"आहे. तू येऊ नकोस. तुझं व्हॉलिबॉल आहे, मैत्रिणी आहेत. तुझ्या वयाच्या मुलीने सुट्टी अशी घालवू नये." ते फडक्याने हात पुसत होते, पुसलेलेच हात. "मला एकट्याने गाडी मागे घ्यायची सवय आहे. चार वर्षं घेतोय की."

वाकडी घेताय, असं तिच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं.

घरी, आठवड्यातून एकदाच घडतं तसं, डॅड आणि मॉम दोघंही टेबलाशी होते. मॉमने कोबी-खिमा भरलेले पाव, बिरॉक, केले होते. डॅडनी दुसरा उचलला होता. कोरा बसली नाही. खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली.

"मला काहीतरी सांगायचंय."

"हात धू आधी," मॉम म्हणाली. "नखांत काळं काय आहे ते?"

"ग्रीस. मॉम, ऐक ना. मी व्हॉलिबॉल सोडतेय. कोचना उद्या सांगणार आहे."

डॅडनी बिरॉक खाली ठेवला. "त्या मुलींनी काही केलं का?"

"केलं. पण त्यासाठी नाही." तिचा आवाज जरा हलला, आणि तिने तो हलू दिला. "मोसम संपेपर्यंत, म्हणजे ऑक्टोबरपर्यंत, दर शनिवारी मी मिस्टर लाइकरच्या गाडीपुढे उभी राहणार आहे. त्यांनी मला बोलावलेलं नाही. उलट येऊ नको म्हणालेत. तरी मी जाणार. तुम्हाला विचारत नाहीये, सांगतेय. आणि शनिवारी सकाळी सातला मला पिकअप लागेल, डॅड, म्हणजे तुम्ही कोठारावर मॉमच्या गाडीने जायचं."